कुलगुरूंनी सांगितलेली निम्मी गोष्ट

पत्र :

"मी एका राज्य विद्यापीठात इतिहास शिकवते. मोडी कागदांच्या आधारे अठराव्या शतकातल्या देशावरच्या पेठांवर पुस्तक लिहायला घेतलंय. निम्मं लिहून झालंय. आमच्या ज्ञानस्रोत केंद्राच्या, म्हणजे विद्यापीठ ग्रंथालयाच्या, संचालकांचं पद बरेच दिवस रिकामं आहे. परवा कुलगुरूंनी बोलावून सांगितलं, तीन वर्षं अतिरिक्त कार्यभार तुम्ही सांभाळा. मी ग्रंथालयशास्त्र शिकलेली नाही म्हटल्यावर त्यांनी न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या वार्तान ग्रेगोरियन यांचं उदाहरण दिलं. तेही इतिहासाचेच प्राध्यापक, आणि मोडकळीला आलेलं ग्रंथालय त्यांनी उभं केलं. माझे गुरुजी म्हणतात, 'खुर्चीत बसलीस की संशोधन संपलं.' ग्रंथालयातली मंडळी आत्तापासूनच तोंड फिरवून जातात. आणि मला कुणाकडे कधी पैसे मागता आलेले नाहीत. होकार देऊ का?
— दोन दगडांवर पाय"

ताई,

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. होकार द्या, पण तोंडी देऊ नका. काही गोष्टी लेखी हातात पडल्यावर द्या, आणि त्या मिळत नसतील तर कुलगुरूंचा मान राखून नाही म्हणा. तुम्हाला ग्रंथालयशास्त्र येत नाही ही तुमची अडचण नाहीच. अडचण आहे ती 'अतिरिक्त कार्यभार' या दोन शब्दांत. जबाबदारी पूर्ण, अधिकार अर्धा, आणि शिकवण्याचे तास होते तेवढेच.

कुलगुरूंनी ग्रेगोरियन यांचं नाव काढलं ते मला आवडलं. उदाहरण खरं आहे. पण त्यांनी तुम्हाला निम्मीच गोष्ट सांगितली, आणि तुमचा निर्णय उरलेल्या निम्म्यावर अवलंबून आहे.

हा माणूस १९३४ साली इराणमधल्या तबरीझला एका अर्मेनियन कुटुंबात जन्मला. आई लहानपणीच गेली, आजीनं वाढवलं. पोरवयात शिक्षणासाठी एकटाच बैरुतला गेला आणि तिथून १९५६ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला पोचला. १९६४ मध्ये इतिहासात डॉक्टरेट केली. विषय अफगाणिस्तान. १८८० ते १९४६ या काळात तो देश आधुनिक कसा होऊ पाहत होता, यावरचं त्यांचं जाडजूड पुस्तक १९६९ मध्ये आलं. त्याच वर्षी शिक्षक म्हणूनही त्यांना डॅनफर्थ फाउंडेशनचा पुरस्कार मिळाला.

या पुस्तकाच्या विषयाकडे जरा नीट बघा. त्या काळाच्या मधोमध अमानुल्ला येतो. १९१९ मध्ये गादीवर बसला, शिक्षण, पेहराव, कायदे सगळं झपाट्यानं बदलायला निघाला आणि १९२९ च्या जानेवारीत त्याला राज्य सोडून पळावं लागलं. सुधारणा चांगल्या होत्या. पण सैन्य नाराज होतं, तिजोरी रिकामी होती, आणि मुल्ला नि टोळीप्रमुख यांना सोबत घेणं जमलं नव्हतं. ज्यानं तरुणपणाची उमेदीची वर्षं हे समजून घेण्यात घालवली, तो पुढे एखाद्या संस्थेत आल्या आल्या फर्मानं काढणार नाही, असं मला मनापासून वाटतं. तुम्ही पेठांचा इतिहास लिहिता आहात. कोणती पेठ वसली आणि कोणती ओस पडली, सरकारनं कौल, म्हणजे सवलतीचं अभयपत्र, देऊनही वाणी-उदमी का आले नाहीत, जकात वाढली की वाट कशी बदलते, हे तुम्हाला कागदांतून कळलेलं आहे. ओस पडलेल्या वाचनकक्षाकडे तुम्ही याच नजरेनं बघाल. ही तुमची शिदोरी आहे. तिला कमी लेखू नका.

आता कुलगुरूंनी गाळलेला भाग. ग्रेगोरियन वर्गातून उठून थेट ग्रंथालयात गेले नाहीत. १९७२ मध्ये ते फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आले. तिथे १९७४ मध्ये विखुरलेले विभाग एकत्र करून कला आणि विज्ञान यांची नवी विद्याशाखा झाली आणि ते तिचे पहिले अधिष्ठाता झाले. १९७८ मध्ये प्रोव्होस्ट, म्हणजे शैक्षणिक कारभारात अध्यक्षांच्या खालोखाल. विभागप्रमुखांची भांडणं, अंदाजपत्रकाची ओढाताण, एका जागेसाठी तीन विभागांचे अर्ज, हे सगळं त्यांनी ग्रंथालयात पाऊल टाकण्याआधीच पचवलं होतं. १९८० मध्ये अध्यक्षपदासाठी त्यांचं नाव आघाडीवर होतं, प्राध्यापकांचा मोठा पाठिंबा होता, तरी विश्वस्तांनी दुसऱ्याला निवडलं. त्यांनी राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचे अध्यक्ष झाले.

त्या ग्रंथालयाची तेव्हाची अवस्था तुम्हाला ओळखीची वाटेल. न्यूयॉर्क शहर १९७५ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होतं. मोहल्ल्यामोहल्ल्यातल्या शाखांच्या वेळा कापल्या गेल्या, पुस्तकखरेदी आटली. फिफ्थ अॅव्हेन्यूवरची १९११ सालची संगमरवरी मुख्य इमारत काजळली होती. ज्या दालनांत एकेकाळी प्रदर्शनं भरत, तिथे कचेऱ्या थाटल्या होत्या. मागच्या ब्रायंट पार्कमध्ये अमली पदार्थांचा व्यापार चाले. आणि या सगळ्याखाली मैलोन् मैल फडताळांत पुस्तकं होती. आम्लयुक्त कागदावर छापलेली, हात लावला की तुकडे पडणारी.

१९८१ ते १९८९ या आठ वर्षांत त्यांनी जवळपास ३२ कोटी ७० लाख डॉलर उभे केले. इमारत धुऊन-पुसून पुन्हा उजळली. प्रदर्शन दालन १९८४ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. शाखांच्या वेळा वाढल्या. बागेखाली पुस्तकांसाठी नवं भांडार बांधायचं ठरलं. वर्तमानपत्रांना आकड्याचं कौतुक जास्त. मला क्रमाचं वाटतं. आधी त्यांनी लोकांच्या डोळ्यांना दिसेल आणि हाताला लागेल अशी दुरुस्ती केली, आणि ती दाखवून पुढचे पैसे मागितले. स्वच्छ जिना आणि उघडं दार पाहिलेला माणूस न दिसणाऱ्या सूक्ष्मपटांसाठीही (मायक्रोफिल्म) पैसे देतो.

पण एकट्यानं केलं का? मुळीच नाही. विश्वस्त मंडळाचे प्रमुख होते अँड्र्यू हाइस्केल, टाइम कंपनीचे माजी अध्यक्ष. शहरातलं प्रत्येक दार ओळखणारा माणूस. शहरातल्या धनाढ्य देणगीदार ब्रूक अॅस्टर यांनी १९८३ मध्ये इतर संस्थांचा व्याप आवरून आपला बहुतेक वेळ या ग्रंथालयाला द्यायचं ठरवलं. आणि संशोधन ग्रंथालयांचा रोजचा कारभार डेव्हिड स्टॅम या अनुभवी, व्यवसायानंच ग्रंथपाल असलेल्या माणसाच्या हाती होता. म्हणजे इतिहासकार बाहेर बोलत होता तेव्हा आत तालिका (कॅटलॉग), जतन, देवघेव जाणणारे लोक आपापल्या जागी बसलेले होते.

तुमच्याकडे यातलं काय आहे, ते मोजा. हाइस्केल आहेत का? म्हणजे व्यवस्थापन परिषदेत ग्रंथालयाची बाजू तुमच्या गैरहजेरीत मांडेल असा एक तरी सदस्य? स्टॅम आहेत का? म्हणजे उपग्रंथपाल किंवा अनुभवी सहायक ग्रंथपाल, ज्यांच्या सहीनं रोजचं काम चालेल? आणि कुलगुरूंच्या पाच वर्षांतली किती उरली आहेत? तुम्हाला तीन वर्षं सांगितली. त्यांचा कार्यकाळ वर्षभरात संपत असेल तर उरलेली दोन वर्षं नव्या माणसाच्या मर्जीवर. हे विचारण्यात उद्धटपणा नाही. ग्रेगोरियन यांनी पेनसिल्व्हेनियात काय अनुभवलं ते वर आलंच.

म्हणून लेखी काय मागायचं ते सांगते. पहिलं, आर्थिक अधिकाराची मर्यादा : किती रकमेपर्यंतचं बिल तुमच्या सहीनं निघेल. पाच हजारांच्या वाळवीच्या औषधासाठी फाईल वित्त विभागात तीन आठवडे फिरत असेल तर पोथ्या टिकणार नाहीत. दुसरं, तुमचा अध्यापनाचा भार निम्मा करण्याचा आदेश, विभागाला तासिका तत्त्वावरची पर्यायी नेमणूक मंजूर करून. हे नसेल तर तुमचे सहकारी तुमच्यावर खार खातील, आणि त्यांचं चुकणार नाही. तिसरं, ग्रंथालयासाठी मंजूर झालेला निधी मार्चअखेर दुसऱ्या लेखाशीर्षाकडे वळवला जाणार नाही, याची हमी. मी विद्यापीठाच्या कारभारात बरीच वर्षं काढली आहेत. फेब्रुवारीत कुणाच्या निधीकडे सगळ्यांचे डोळे लागतात हे मला ठाऊक आहे.

चौथी मागणी तुम्हाला विचित्र वाटेल. संचालकपद नियमित भरण्याची प्रक्रिया सुरू झाली पाहिजे : बिंदुनामावली (आरक्षणाचा तक्ता) तपासून घेणं, शासनाची मान्यता, जाहिरात. तुम्ही स्वतः पाठपुरावा करा. ते पद ग्रंथालयशास्त्रात शिकलेल्या माणसाचं आहे, आणि ते रिकामं ठेवून प्राध्यापकांकडून चालवून घेणं ही त्या विद्येची अवहेलना आहे. तुमच्या तीन वर्षांत ती नेमणूक झाली तर इमारतीच्या रंगरंगोटीहून ते मोठं काम ठरेल. ग्रंथालयातली मंडळी तोंड फिरवतात ना? त्यांना हे पहिल्या बैठकीतच सांगा. तुमच्याबद्दल त्यांना वैर नाही, त्यांच्यावर वरून माणूस बसवला जातोय याचा राग आहे. तो राग रास्त आहे.

असा राग अमेरिकेतही झाला होता. १९७५ मध्ये अध्यक्ष फोर्ड यांनी डॅनियल बुअरस्टिन या इतिहासकाराचं नाव लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाच्या प्रमुखपदासाठी पुढे केलं, तेव्हा अमेरिकन लायब्ररी असोसिएशननं उघड विरोध केला. या गृहस्थांना ग्रंथालय चालवण्याचा अनुभव नाही, एवढं सरळ कारण. सिनेटनं तरी त्यांना मान्यता दिली आणि ते १९८७ पर्यंत राहिले. त्यांनी तालिकेच्या नियमांत ढवळाढवळ करून आपलं ज्ञान दाखवलं नाही. जुन्या इमारतीचे बंद असणारे भव्य कांस्य दरवाजे उघडायला लावले, बाहेरच्या चौकात कर्मचाऱ्यांना आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना डबा खाता यावा म्हणून टेबलं मांडली, १९७७ मध्ये वाचनाचा प्रसार करणारं केंद्र काढलं. तंत्र तज्ज्ञांकडे, दार स्वतःकडे अशी ही वाटणी होती. तुम्हीही पहिले काही आठवडे कुणाला सूचना करू नका. देवघेवीच्या खिडकीशी बसा. नियतकालिकांच्या विभागात बसा. दाखल नोंदवही मागवून वाचा. जुनी विद्यापीठं काय विकत घेत होती, कोणत्या वर्षी खरेदी थांबली, कुणाचा खाजगी संग्रह देणगी म्हणून आला आणि अजून गाठोड्यात पडून आहे, हे त्या नोंदींत असतं. तुम्ही ते दफ्तर वाचावं तसं वाचाल, आणि तिथल्या लोकांना पहिल्यांदाच वाटेल की आपल्या कामाकडे कुणीतरी नीट बघतंय. जो शिपाई तीस वर्षं पोथ्यांच्या खोलीची किल्ली सांभाळतोय त्याला कुठे पाणी ठिबकतं हे अभियंत्याआधी ठाऊक असतं. त्याला विचारा, आणि त्याचं नाव टिपणीत लिहा.

पैसे मागण्याबद्दल. ही भीती आपल्याकडे शिकलेल्या माणसांना फार असते. शिक्षकानं हात पसरू नये असं घरातच शिकवलेलं असतं. ग्रेगोरियन स्वतः गरिबीतून आलेले, परक्या मुलखात शिकलेले, त्यांना शहरातल्या गडगंज लोकांसमोर बसावं लागलं. त्यांनी तिथे इतिहासाचाच उपयोग केला असं मला दिसतं. त्या ग्रंथालयाचं एक मूळ जॉन जेकब अॅस्टरच्या पैशातून उभ्या राहिलेल्या ग्रंथालयात होतं. शाखांसाठी १९०१ मध्ये अँड्र्यू कार्नेगीनं ५२ लाख डॉलर दिले होते. अशा संस्थेसाठी मागताना माणूस उपकार मागत नाही, एका चालत आलेल्या कामात सामील व्हायचं आमंत्रण देतो. त्यांनी लेखकांना सन्मानानं बोलवून मेजवान्या भरवल्या. देणगीदार पैसे देऊन लेखकाशेजारी बसायला येत. शहरात ग्रंथालयाशी नातं सांगणं प्रतिष्ठेचं झालं.

तुमच्या शहरात मेजवान्या नकोत. पण तुमच्या ग्रंथालयाला पहिली देणगी कुणी दिली, पहिला संग्रह कुणाच्या घरून बैलगाडीतून किंवा टेम्पोतून आला, याचा चार पानी इतिहास तुम्ही आठ दिवसांत लिहू शकता, जो दुसरं कुणी लिहू शकणार नाही. तो छापा. त्या घराण्यांच्या आजच्या पिढीला नेऊन द्या. मग मागा, आणि मोघम मागू नका. 'ग्रंथालयाला मदत करा' म्हटलं तर कुणी करत नाही. 'या एकशे दहा पोथ्यांना आम्लविरहित वेष्टन घालायचं आहे, खर्च इतका' म्हटलं तर करतात. देणगीची पावती आणि करसवलतीची कागदपत्रं आधी कुलसचिव कार्यालयाकडून नीट करून ठेवा. माणूस द्यायला तयार होतो आणि पावतीवाचून परत जातो, ही फार दुःखाची गोष्ट आहे. आणि एक ध्यानात ठेवा : १ जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र एक वर्गणी' योजनेत शासकीय विद्यापीठांना हजारो संशोधन नियतकालिकं केंद्राच्या खर्चानं मिळू लागली आहेत. तुमच्या वर्गणीच्या तरतुदीतला कोणता भाग त्यामुळे मोकळा होतो, हे सहायक ग्रंथपालांना घेऊन तपासा. कदाचित पहिला पैसा मागावाच लागणार नाही.

आता तुमच्या गुरुजींचं म्हणणं. इथे मला तुमची समजूत काढायची नाही, कारण ते बरंचसं खरं बोलताहेत. ग्रेगोरियन न्यूयॉर्कमध्ये असताना न्यूयॉर्क विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापकही होते. पुढे १९८९ ते १९९७ ब्राउन विद्यापीठाचे अध्यक्ष असतानाही पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत. शिकवणं त्यांनी सोडलं नाही. पण १९६९ च्या त्या ग्रंथाच्या तोडीचा, कागदपत्रांत वर्षानुवर्षं बुडून लिहिलेला दुसरा ग्रंथ त्यांच्या हातून झाला नाही. ब्राउननंतर ते कार्नेगी कॉर्पोरेशन या देणगी देणाऱ्या संस्थेचे प्रमुख झाले आणि २०२१ मध्ये मृत्यू आला तेव्हाही त्याच पदावर होते. त्यांनी जे मिळवलं ते अफाट आहे, पण किंमत ही होती, आणि कुलगुरू ती सांगणार नाहीत.

बुअरस्टिन यांचं वेगळं झालं. कचेरीच्या वेळात स्वतःचं लेखन करायचं नाही असं त्यांच्यावर बंधन होतं. ते पहाटे चारला उठून लिहीत, संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी लिहीत. पदावर असतानाच, १९८३ मध्ये, मानवी शोधांच्या इतिहासावरचा त्यांचा मोठा ग्रंथ बाहेर आला. आपल्याकडे डॉ. पु. म. जोशी मुंबई राज्याच्या पुराभिलेख खात्याचे संचालक होते. हारून खान शेरवानींबरोबर त्यांनी संपादित केलेला मध्ययुगीन दख्खनचा इतिहास १९७३-७४ मध्ये आला. तेव्हा संशोधन संपतंच असं नाही. पण पहाटे चार ही सर्वांना परवडणारी वेळ नाही. घरात दोघांचा स्वयंपाक, सासूबाईंची औषधं, मुलांची परीक्षा असेल तर बुअरस्टिन यांचं उदाहरण तोंडावर फेकणं अन्यायाचं होईल. म्हणून तुमच्या घरातल्यांशी आधी बोला : आठवड्यातल्या कोणत्या सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात नसाल, हे त्यांनी मान्य केलं पाहिजे. कुलगुरूंच्या आदेशाइतकीच ही मान्यता महत्त्वाची आहे.

आणि काय लिहायचं, तेही आखून घ्या. या तीन वर्षांत नवे रुमाल (जुन्या कागदांची गाठोडी) सोडायला जाऊ नका. पुण्याच्या दफ्तरात दिवसच्या दिवस बसणं आता जमणार नाही, आणि जमत नाही म्हणून तुम्ही स्वतःला दोष देत राहाल. हाताशी असलेल्या नकला आणि टिपणं यांतून जेवढी प्रकरणं होतात तेवढ्यांचंच पुस्तक करा. अठराव्या शतकाच्या सगळ्या पेठा नकोत, दोन-तीन पेठांचं नेमकं पुस्तक असू द्या. तुमच्या गुरुजींना ते आवडेल की नाही कोण जाणे, पण ते पूर्ण होईल.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मात्र नव्हती : तुम्हाला हे काम करावंसं वाटतं का? कुलगुरूंना काय वाटतं, गुरुजींना काय वाटतं, कर्मचाऱ्यांना काय वाटतं ते सगळं आलं. त्या ग्रंथालयात जाताना तुमच्या मनात कधी 'हे असं का ठेवलंय' असं येऊन हात शिवशिवले असतील तर वरच्या अटी घेऊन कुलगुरूंकडे जा. नुसता शब्द मोडवत नाही म्हणून होकार देणार असाल तर देऊ नका. तीन वर्षं फार लांब असतात.

कुलगुरूंना द्यायचं पत्र एका पानाच्या वर जाऊ देऊ नका, आणि त्याची पोच घ्या. ते देण्याआधी गुरुजींकडे एकदा जाऊन या. झालेली प्रकरणं त्यांच्यासमोर ठेवा आणि उरलेली वाचून देण्यासाठी त्यांच्याकडून तारखा घ्या.